लंडनचा अर्धा राहिलेला अभ्यास

१९१७ च्या उन्हाळ्यात पहिले महायुद्ध ऐन भरात होते. समुद्रमार्गांवर जर्मन पाणबुड्यांची दहशत होती आणि युरोपातून हिंदुस्थानकडे येणारा प्रत्येक प्रवासी जीव मुठीत धरूनच बोटीत पाय ठेवत असे. अशा दिवसांत लंडनमध्ये शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने आपले सामान एका जहाजाने पुढे पाठविले आणि स्वतः तो दुसऱ्या बोटीने निघाला. सामान घेऊन निघालेले जहाज टॉर्पेडोने बुडाले. विद्यार्थी मात्र ऑगस्ट महिन्यात सुखरूप मुंबईत पोहोचला. त्याच्याजवळ अमेरिकेतील विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी होती, पीएच.डी.साठी सादर केलेला प्रबंध होता आणि लंडनमध्ये एका वर्षातच तुटलेला अभ्यास होता. हा विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. वय होते २६ वर्षे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या शिक्षणाची कहाणी महाराष्ट्राला नवी नाही. त्यांच्या पदव्यांची यादी शाळेच्या भिंतींवर लिहिलेली असते, जयंतीच्या भाषणांतून ती दरवर्षी वाचली जाते. मात्र यादी वाचताना एक गोष्ट सहसा निसटून जाते. या पदव्या एका सरळ रेषेत मिळालेल्या नाहीत. त्यांच्या मधोमध तीन वर्षांचा खंड आहे. तो त्यांनी मागितलेला नव्हता, त्याची तयारीही त्यांनी केलेली नव्हती. विद्यार्थिदशेत अचानक आलेल्या या वळणाने एका अभ्यासकाचे आयुष्य कोठून कोठे नेले, हे पाहण्यासारखे आहे. त्याहूनही अधिक पाहण्यासारखे आहे ते हे, की या वळणावरून परत फिरण्याची वाट त्यांनी कशी राखून ठेवली.

गोणपाटापासून एल्फिन्स्टनपर्यंत

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत भीमरावांचा जन्म झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिक्षकही होते. सेवानिवृत्तीनंतर कुटुंब काही काळ दापोलीत व नंतर साताऱ्यात राहिले. आई भीमाबाई यांचे छत्र लहानपणीच हरपले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्यातील सरकारी शाळेत भीमरावांचे नाव दाखल झाले. आज ही शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर त्यांना वेगळे बसावे लागे. तहान लागली तर शिपायाने वरून ओतलेले पाणी प्यावे लागे, आणि शिपाई नसेल तर तहानलेलेच राहावे लागे.

पुढे कुटुंब मुंबईत आले. परळच्या चाळीतील एका लहानशा खोलीत संसार, चूल आणि अभ्यास एकत्र चालत. खोलीत गर्दी असल्याने मुलाने लवकर झोपावे आणि पहाटे दोन वाजता उठून दिव्याच्या उजेडात वाचावे, असा क्रम वडिलांनी लावून दिला होता. नवे पुस्तक हवे असले म्हणजे रामजी सुभेदार विवाहित मुलींकडे जात, प्रसंगी त्यांचे दागिने गहाण ठेवून पैसे आणत. पेन्शन आले की दागिने सोडवून परत करत.

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमरावांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य विद्यार्थ्याला संस्कृत शिकविण्यास नकार मिळाला म्हणून त्यांनी फारशी हा विषय घेतला. विद्यार्थिदशेतील हे त्यांचे पहिले मोठे सक्तीचे वळण होय. ते त्यांनी निमूटपणे स्वीकारले, परंतु विसरले नाहीत. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या प्रयत्नाने मिळविले आणि ज्या ग्रंथांचा आधार घेऊन त्यांना दूर ठेवले गेले होते, त्याच ग्रंथांची त्यांनी चिकित्सा केली.

१९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण होते. आकडा आज किरकोळ वाटेल, पण त्यांच्या समाजातील मुलाने ही परीक्षा उत्तीर्ण होणे हीच तेव्हा अपूर्व घटना होती. समाजसुधारक सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली त्यांचा सत्कार झाला. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला ओळखणारे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भेट दिले. भेट तेवढ्यावरच थांबली नाही. इंटरनंतर पैशाअभावी शिक्षण थांबण्याची वेळ आली तेव्हा केळुसकरांनीच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली आणि एल्फिन्स्टन कॉलेजमधून भीमराव इंग्रजी व फारशी हे विषय घेऊन बी.ए. झाले.

सयाजीरावांची शिष्यवृत्ती आणि न्यूयॉर्क

१९१३ च्या जानेवारीत ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. काही दिवस जातात न जातात तोच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सुभेदारांनी देह ठेवला. मुलाच्या शिक्षणासाठी आयुष्यभर झिजलेला आधार गेला, आणि अवघ्या चार महिन्यांत त्या शिक्षणाला कल्पनेपलीकडची दिशा मिळाली. बडोदा संस्थानने निवडक विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत पाठवावयाचे ठरविले होते. त्यांत भीमरावांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारपत्रावर सही केली. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळणार होती आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करावयाची होती.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे कोणी त्यांच्यासाठी वेगळे गोणपाट अंथरले नाही. ग्रंथालयाची दारे उघडी होती, भोजनाच्या टेबलावर शेजारी कोण बसावे याचा नियम नव्हता. भीमरावांनी या मोकळिकीचा उपयोग अधाशासारखा केला. अर्थशास्त्राचे २९ आणि इतिहासाचे ११ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्र होतेच. अर्थशास्त्रात प्रा. एडविन सेलिग्मन आणि तत्त्वज्ञानात प्रा. जॉन ड्यूई यांचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. १९१५ मध्ये प्राचीन भारतीय व्यापारावरील प्रबंधासाठी त्यांना एम.ए. पदवी मिळाली. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. जूनमध्ये भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाविषयीचा प्रबंध पीएच.डी.साठी सादर केला.

याच काळात लाला लजपतराय न्यूयॉर्कमध्ये होते आणि हिंदी विद्यार्थ्यांना राजकीय कार्यात ओढण्याचा त्यांचा प्रयत्न होता. भीमराव त्यांत सामील झाले नाहीत. आपण महाराजांच्या पैशावर शिकत आहोत, तेव्हा अभ्यास पुरा करणे हे पहिले कर्तव्य, अशी त्यांची भूमिका होती. हा तपशील लक्षात ठेवावयास हवा. १९१६ चा हा तरुण सार्वजनिक जीवनापासून जाणीवपूर्वक अंतर राखून होता. त्याच्यापुढे पुस्तके होती, परीक्षा होत्या, आणि त्यानंतरची दहा वर्षे बडोद्याच्या कचेरीतील नोकरी.

मोडलेला डाव

कोलंबियातील काम संपवून ऑक्टोबर १९१६ मध्ये ते लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी त्यांनी नाव दाखल केले. दोन्ही अभ्यास एकाच वेळी पुरे करावयाचा त्यांचा बेत होता. परंतु शिष्यवृत्तीची वाढीव मुदतही संपली. आणखी मुदत देण्यास बडोद्याच्या दिवाणांनी नकार दिला आणि करारानुसार सेवेत रुजू व्हा, असा निरोप आला.

येथे भीमरावांनी एक काम मोठ्या दक्षतेने केले. लंडन सोडण्यापूर्वी त्यांनी विद्यापीठाकडून लेखी परवानगी मिळविली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची ती मुभा होती. खिशात पैसे नव्हते, पुढे दहा वर्षांच्या नोकरीचे बंधन होते, युद्ध कधी संपेल याचा भरवसा नव्हता. परत येणे जवळजवळ अशक्य दिसत असतानाही त्यांनी परत येण्याची सोय करून ठेवली. पुढील सारा इतिहास या एका कागदावर उभा आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

बुडालेल्या सामानाची ६०० रुपयांच्या घरात भरपाई मिळाली. घरची स्थिती हलाखीची होती, पत्नी रमाबाईंनी अनेक वर्षे काटकसरीत आणि एकटेपणात संसार रेटला होता. बडोद्याला जाण्यासाठी हाच भरपाईचा पैसा कामी आला.

अकरा दिवसांचे बडोदे

सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्यास पोहोचले. महाराजांच्या मनात त्यांना पुढेमागे अर्थमंत्रिपदाची जबाबदारी द्यावयाची होती आणि त्याआधी निरनिराळ्या खात्यांचा अनुभव मिळावा अशी योजना होती. प्रत्यक्षात राहावयाचे कोठे, हाच पहिला प्रश्न उभा राहिला. हिंदू खानावळीत जातीमुळे प्रवेश नव्हता. अखेर एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव धारण करून त्यांनी दीड रुपया रोजाने मुक्काम केला. वरच्या मजल्यावरील अडगळीने भरलेल्या अंधाऱ्या दालनात ते एकटेच राहत. रात्री कंदिलाच्या मिणमिणत्या उजेडात वाचत आणि दिवस उजाडण्याची वाट पाहत.

कचेरीतही वेगळे चित्र नव्हते. हाताखालच्या शिपायांना त्यांच्या हाती कागद देणे विटाळाचे वाटे, म्हणून ते दुरूनच टेबलावर टाकले जात. जगातील अग्रगण्य विद्यापीठात प्राध्यापकांच्या बरोबरीने चर्चा करून आलेल्या माणसाला स्वदेशात पिण्याच्या पाण्यासाठी पुन्हा साताऱ्याच्या शाळेतील तहान आठवावी, अशी ही अवस्था होती.

अकराव्या दिवशी सकाळी कचेरीत जाण्यासाठी ते निघत असताना हातात काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी जिना चढून आले. त्यांनी प्रश्नांचा भडिमार केला, धमक्या दिल्या आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले. भीमरावांनी दोन परिचितांकडे आसरा मागितला. त्यांत एक हिंदू होता आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही वेगवेगळ्या सबबी सांगून नकार दिला. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचा वेळ त्यांनी कामाठी बागेत बसून काढला आणि रात्रीच्या गाडीने बडोदे सोडले. पुढे या प्रसंगाविषयी त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे आणि इतक्या वर्षांनीही तो आठवला की डोळ्यांत पाणी आल्यावाचून राहत नाही, अशी नोंद केली आहे.

या प्रसंगाने एक भ्रम कायमचा फिटला. शिक्षण घेतले, पदवी मिळविली, परदेशातून नाव कमावून आलो की समाज आपोआप माणूस म्हणून स्वीकारील, ही आशा त्या काळच्या कितीतरी शिकलेल्या तरुणांच्या मनात होती. एकट्याची उन्नती हा या प्रश्नावरील उपाय नाही, हे बडोद्याने अकरा दिवसांत शिकविले. हा धडा कोलंबियाच्या किंवा लंडनच्या कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हता.

खंडाची तीन वर्षे

मुंबईत परतल्यानंतर पोटापाण्यासाठी त्यांनी शिकवण्या केल्या, व्यापाऱ्यांना आर्थिक सल्ला देण्याचा व्यवसाय करून पाहिला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे समजताच गिऱ्हाईक येईनासे झाले. लेखन मात्र चालू राहिले. भारतातील शेतीच्या लहान तुकड्यांच्या प्रश्नावर १९१८ मध्ये त्यांनी लिहिलेला निबंध आजही अर्थशास्त्राचे अभ्यासक वाचतात. जमिनीचे तुकडे जोडणे हा खरा उपाय नसून शेतीवरील माणसांचा भार उद्योगांकडे वळविला पाहिजे, असे त्यांनी त्यात मांडले होते.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. दरमहा ४५० रुपये वेतन होते. त्यांची व्याख्याने ऐकण्यास अन्य महाविद्यालयांतील विद्यार्थीही येत असत. त्याच वेळी प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या माठाला त्यांनी हात लावू नये, अशी कुरबुर सहकाऱ्यांमध्ये होती. वर्गात मान आणि माठापाशी अपमान, असे हे दुहेरी जीवन होते. पगार चांगला असला तरी परळच्या बीआयटी चाळीतील राहणी बदलली नाही. घरखर्चासाठी ठरावीक रक्कम रमाबाईंच्या हाती दिली जाई आणि उरलेला पैसा लंडनसाठी बाजूला पडे. चार वर्षांच्या मुदतीचा तो कागद कोणी विसरले नव्हते.

मात्र या खंडात केवळ पैसा साठला नाही. न्यूयॉर्कमध्ये राजकारणापासून दूर राहिलेला विद्यार्थी याच वर्षांत सार्वजनिक जीवनात आला. जानेवारी १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली आणि अस्पृश्य वर्गासाठी मताधिकार व प्रतिनिधित्व मागितले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांशी याच काळात परिचय झाला. महाराजांच्या २५०० रुपयांच्या साह्याने ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. सरकारी महाविद्यालयात नोकरीस असल्याने संपादक म्हणून त्यांना स्वतःचे नाव देता आले नाही. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी कागल संस्थानातील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. शाहू महाराज स्वतः तेथे आले आणि या समाजाला त्याचा नेता मिळाला असल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले.

शिष्यवृत्तीला आणखी दोन वर्षे मुदतवाढ मिळाली असती तर काय झाले असते? आंबेडकर लंडनमध्येच अभ्यास पुरा करून बडोद्याच्या सेवेत गेले असते, असा तर्क करता येईल. तर्क तेवढ्यावरच सोडावा लागतो. एवढे मात्र निश्चित, की जुलै १९२० मध्ये लंडनला निघालेला माणूस १९१७ मध्ये तेथून निघालेल्या माणसाहून वेगळा होता. पहिल्या वेळी तो संस्थानचा विद्यार्थी होता. दुसऱ्या वेळी त्याच्या अभ्यासाकडे एक सबंध समाज डोळे लावून बसला होता.

पुन्हा त्याच शहरात

दुसऱ्या प्रवासाची पुंजी तीन ठिकाणांहून आली होती. पगारातील शिल्लक होती, शाहू महाराजांनी १५०० रुपये दिले होते आणि कोलंबियातील सहाध्यायी नवल भथेना यांनी ५००० रुपये कर्जाऊ दिले होते. ज्या पारशी समाजातील काही जणांनी बडोद्यात काठ्या उगारल्या, त्याच समाजातील या मित्राने हा हात दिला. माणसाची पारख जातीवरून वा धर्मावरून करू नये, याचे हे त्यांच्या स्वतःच्याच आयुष्यातील उदाहरण.

मुदत संपण्यास वर्षभर असताना, १९२० च्या सप्टेंबरअखेर त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अभ्यास पुन्हा सुरू केला. या वेळच्या दिनक्रमाचे वर्णन चरित्रकारांनी विस्ताराने केले आहे. सकाळी तुटपुंजी न्याहारी करून ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दार उघडण्याच्या वेळी हजर व्हावयाचे आणि ते बंद होईपर्यंत जागा सोडावयाची नाही. दुपारच्या जेवणाला पैसा आणि वेळ दोन्ही नसत. रात्री खोलीवर परतल्यावर थोडेसे खाऊन पुन्हा वाचन चाले. भूक अनावर झाली तर एखाद्या पापडावर भागवावयाचे. आपल्याला मिळालेला काळ उसना आहे, या जाणिवेने ते प्रत्येक तास मोजून वापरत होते.

जून १९२१ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील प्रबंधासाठी त्यांना एम.एस्सी. पदवी मिळाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनी डी.एस्सी.साठी सादर केला. बॅरिस्टरीचा अभ्यासही पार पडला. जर्मनीतील बॉन विद्यापीठात नाव नोंदवून तेथेही शिकण्याचा त्यांनी प्रयत्न केला.

तरीही वळणे संपली नव्हती. सरकारच्या चलनविषयक धोरणावरील कठोर टीका परीक्षकांना रुचली नाही आणि मार्च १९२३ मध्ये प्रबंधात फेरबदल करण्यास त्यांना सांगण्यात आले. हातातील पैसे संपले होते. तेव्हा ते मुंबईस परतले आणि प्रबंध येथून दुरुस्त करून पाठविला. भाषा काही ठिकाणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. नोव्हेंबर १९२३ मध्ये डी.एस्सी. पदवी मिळाली. हा प्रबंध त्याच वर्षी त्यांचे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांच्या प्रस्तावनेसह लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. कॅनन यांना त्यांचे सर्व निष्कर्ष मान्य नव्हते, तसे त्यांनी प्रस्तावनेत नोंदविलेही, पण त्यातील विचारांचा ताजेपणा त्यांनी मोकळ्या मनाने मान्य केला.

कोलंबियाची पीएच.डी. तर याहूनही उशिरा हाती आली. १९१६ मध्ये सादर केलेल्या प्रबंधाचे विस्तारित रूप ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील ग्रंथ म्हणून १९२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९२७ मध्ये पदवी प्रदान करण्यात आली. त्याच वर्षी २० मार्च रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हजारो लोकांसह त्यांनी पाणी प्राशन केले. साताऱ्याच्या शाळेत शिपायाची वाट पाहणारा मुलगा आणि चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरणारा नेता यांच्यात सत्तावीस वर्षांचे अंतर होते, आणि त्यातील बराच काळ या ना त्या प्रकारे विद्यार्थिदशेतच गेला होता.

वाट राखणारी माणसे

या कहाणीचा अर्थ लावताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. संकटे आली म्हणून बाबासाहेब घडले, असे म्हणण्याची एक सोपी पद्धत आपल्याकडे आहे. ती बरोबर नाही. शिष्यवृत्ती बंद होणे, धर्मशाळेतून हाकलले जाणे, माठाला हात लावण्यास बंदी असणे या गोष्टींत भले काहीच नव्हते. त्यांची किंमत त्यांनी आणि त्यांच्याहूनही अधिक रमाबाईंनी मोजली. संसाराची ओढाताण आणि पोटच्या मुलांचे मृत्यू सोसत ही माउली खचत गेली आणि २७ मे १९३५ रोजी तिने जगाचा निरोप घेतला. अशा किमतीला वरदान म्हणणे हा त्या घरावर अन्याय होईल.

वळण कोणाच्याही आयुष्यात येते. त्या वळणाशी माणूस कायमचा अडकतो की पुढे सरकतो, हे दोन गोष्टींवर ठरते. एक त्याची स्वतःची चिकाटी आणि दुसरी परत फिरण्यासाठी उघडी राहिलेली वाट. बाबासाहेबांची चिकाटी असामान्य होती यात वाद नाही. पण त्यांच्या आयुष्यात ती वाट उघडी ठेवणारी माणसेही वेळोवेळी उभी राहिली. दागिने गहाण ठेवणारे वडील आणि ते देणाऱ्या बहिणी होत्या, बागेत पुस्तक वाचणाऱ्या मुलाची विचारपूस करणारे केळुसकर गुरुजी होते, सयाजीराव होते, शाहू महाराज होते, नवल भथेना होते आणि तुटपुंज्या पैशात घर चालविणाऱ्या रमाबाई होत्या. चार वर्षांची मुभा देणारा विद्यापीठाचा तो रूक्ष कागदही या यादीत घातला पाहिजे.

स्वतः बाबासाहेबांनी या गोष्टीचे मोल ओळखले होते. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. नोकरी करून शिकणाऱ्यांना यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग भरू लागले. दिवसा कचेरीत किंवा गिरणीत राबणाऱ्या, परिस्थितीने शाळा सुटलेल्या कितीतरी तरुणांना त्या वर्गांनी पदवीपर्यंत नेले. लंडनच्या विद्यापीठाने एका विद्यार्थ्याला परत येण्याची सवलत दिली होती. त्या विद्यार्थ्याने ती हजारोंसाठी उपलब्ध करून दिली. मराठवाड्यातील मुलांसाठी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, त्यांनी काढलेले मिलिंद महाविद्यालय हे त्याच विचाराचे पुढचे पाऊल होते.

१९५२ च्या जूनमध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय एलएल.डी. पदवी दिली, तेव्हा राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून ते जगाला परिचित झाले होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात ते दुसऱ्या खेपेला राहिले, ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेतले आणि तेथे त्यांचे स्मारक झाले. २०१७ पासून त्यांचा शाळाप्रवेशाचा दिवस, ७ नोव्हेंबर, राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

त्या दिवशी शाळाशाळांतून त्यांच्या पदव्यांची यादी वाचली जाईल आणि ती वाचलीच पाहिजे. तिच्या जोडीला १९१७ ते १९२० ही तीन वर्षेही मुलांना सांगावयास हवीत. ऐकणाऱ्यांत फी न भरल्याने मधेच नाव कमी झालेली, दुष्काळात घरी बोलावलेली, लग्नासाठी शाळेतून काढलेली मुले-मुली असतील. अभ्यास अर्ध्यावर राहिला म्हणजे तो संपला असे नव्हे, हे त्यांना या तीन वर्षांतून कळेल. आणि ऐकणाऱ्या शिक्षकांना, संस्थाचालकांना, शिष्यवृत्तीच्या फायलीवर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांनाही काही कळावयास हवे. वर्ग सोडून निघालेल्या विद्यार्थ्याच्या हाती परत येण्याचा कागद दिला की नाही, एवढे त्यांनी पाहावे. कोणत्या कागदावर पुढे काय उभे राहील, हे देणाऱ्याला त्या दिवशी ठाऊक नसते.